वृक्क

(मूत्रपिंड). रक्तातील निरुपयोगी पदार्थ वेगळे करून मूत्र तयार करणारे आणि शरीरातील पाणी व लवणे यांचे प्रमाण स्थिर राखणारे इंद्रिय. मनुष्यात उदराच्या मागील भित्तीस लागून, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक वृक्क असते. प्रौढात त्याची लांबी सु. ११ सेंमी. व वजन सु. १५० ग्रॅ. असते. या लहानशा जोडीकडे हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक, म्हणजे मिनिटाला सु. १·१ लि. रक्त जाते.

रचना : प्रत्येक वृक्कात सु. १० लक्ष वृक्काणू असतात. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा केशिकागुच्छ, त्याभोवतीचे पेल्याच्या आकाराचे संपुट आणि त्यापासून निघणारी लांब नलिका हे वृक्काणूचे भाग होत. संपुट व नलिका यांचा संबंध विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये दाखविला, म्हणून संपुटास त्यांचे नाव मिळाले. नष्ट झालेला वृक्काणू पुन्हा निर्माण होत नाही.

गाळण : केशिकागुच्छात रक्त आणणारी व त्यातून नेणारी अशा दोन्ही वाहिन्या रोहिणिका असल्याने तेथील रक्तदाब इतर केशिकांपेक्षा अधिक, सु. ६० मिमी. (पारा) असतो. रक्तद्रवातील प्रथिनांचा तर्षण दाब (सु. ३२ मिमी.) आणि संपुटातील द्रवाचा दाब (सु. १८ मिमी.) हे त्याला विरोध करतात. उरलेल्या सु. १० मिमी. दाबाने पाणी, लवणे, द्राक्षशर्करा, यूरिया इ. लहान रेणू गाळले जातात. रक्तकोशिका व बहुतेक प्रथिने मागे राहतात. दोन्ही वृक्कांत मिळून मिनिटाला सु. १२५ मिलि., म्हणजे दिवसाला सु. १८० लि. गाळ द्रव तयार होतो. शरीरातील रक्तद्रव सु. ३ लि. असल्याने तो दिवसातून सु. ६० वेळा गाळला जातो.

पुनःशोषण : दिवसाचे मूत्र मात्र १ ते २ लि. इतकेच असते, बाकी सर्व द्रव नलिकांतून रक्तात परत घेतला जातो. नलिकेच्या निकटवर्ती भागात सोडियम व पाणी यांचा सु. दोन-तृतीयांश भाग, तसेच जवळजवळ सर्व द्राक्षशर्करा आणि ॲमिनो अम्ले शोषली जातात. सोडियम कोशिकेबाहेर काढण्यास ऊर्जा खर्च होते. पाणी त्यामागोमाग तर्षणाने जाते. रक्तातील शर्करा १०० मिलि.मध्ये सु. १८० मिग्रॅ.हून अधिक झाल्यास वाहक रेणू अपुरे पडू लागतात आणि ती मूत्रात उतरते. पुढील हेन्ले पाशाच्या उतरत्या शाखेतून पाणी व चढत्या शाखेतून लवणे बाहेर पडतात. त्यामुळे वृक्काच्या मध्यकातील द्रव अतिशय संहत होतो व मूत्र घट्ट करण्याची सोय होते.

नियंत्रण : शरीरात पाणी कमी पडले की पोष ग्रंथीतून प्रतिमूत्रल हॉर्मोन स्रवते. त्याच्या प्रभावाने संकलन नलिकेच्या कोशिकांत जलमार्ग उघडतात आणि पाणी परत शोषले जाते. असे जलमार्ग असणाऱ्या प्रथिनांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. वृक्काकडील रक्तदाब घटल्यास वृक्कातून रेनीन स्रवते. त्यामुळे अँजिओटेन्सीन तयार होऊन गुच्छातून रक्त नेणारी रोहिणिका आकुंचन पावते व गाळण टिकून राहते. शिवाय अधिवृक्क ग्रंथीतील आल्डोस्टेरोनामुळे सोडियम राखले जाते.

पाण्याची किमान गरज : ही क्षमता अमर्याद नाही. दिवसभरात साठणारी टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यास, मूत्र कितीही घट्ट केले तरी, सु. अर्धा लि. पाणी लागतेच. ५ ग्रॅ. जादा मीठ पोटात गेल्यास किमान सु. १४० मिलि. मूत्र अधिक लागते. वाशीम जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. शेतात राबणाऱ्याचे पाणी घामावाटे जात असल्याने मूत्रासाठी पाणी थोडेच उरते. शेजारच्या अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीच क्षारयुक्त असल्याने तेथे ताण दुहेरी होतो. मूत्र सतत घट्ट राहिल्यास कॅल्शियम ऑक्झॅलेट इ. लवणांचे स्फटिक साचून मूतखडे होतात. निर्जलीभवन तीव्र झाल्यास गाळणच घटते. अशा वेळी अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या घेणे विशेष घातक ठरते. गुच्छाकडे येणारी रोहिणिका रुंद ठेवणारी प्रोस्टाग्लँडिने या गोळ्यांमुळे तयार होत नाहीत आणि वृक्कास अकस्मात इजा होऊ शकते.

कार्यऱ्हास : मधुमेह व उच्च रक्तदाब ही दीर्घकालीन ऱ्हासाची प्रमुख कारणे होत. उरलेले वृक्काणू अधिक काम करीत असल्याने सु. निम्मे गाळण नष्ट होईपर्यंत रक्तातील क्रिॲटिनीन ठळकपणे वाढत नाही व रोग्यास त्रासही जाणवत नाही. मूत्रातील अल्ब्युमिनाची तपासणी त्याआधीच धोका दाखविते. म्हणून मधुमेही व उच्च रक्तदाबाच्या रोग्यांनी ती दर वर्षी करून घेणे आवश्यक असते. कार्य पूर्ण थांबल्यास अपोहन (डायालिसिस) किंवा वृक्कारोपण हेच उपाय उरतात. भारतात जिवंत दात्याच्या वृक्काचे यशस्वी आरोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. अपोहनाने गाळण काही अंशी साधते. परंतु नलिकांकडून क्षणोक्षणी होणारे निवडक पुनःशोषण कोणत्याही अपोहन यंत्रास साधलेले नाही.