नमुने देणाऱ्याला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेकडे तिचे सदस्य देश हिशेब मागतात, ते योग्यच आहे. पण साथीची माहिती वेळेवर देण्याची जबाबदारी याच देशांची आहे, हे चर्चेत मागे पडते. 2005च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार गंभीर घटनेचे मूल्यमापन झाल्यावर 24 तासांत कळवावे लागते. न कळवणाऱ्याला दंड मात्र नाही. म्हणून संघटनेतील सुधारणांचा खरा कस तिच्या जिनिव्हातील कार्यालयाच्या फेररचनेत लागत नाही, माहिती देणाऱ्याच्या पदरात काय पडते यात लागतो. उदाहरणार्थ, इंडोनेशिया बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूचे नमुने संघटनेच्या प्रयोगशाळांना देत होता. त्यांवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस बनवत असल्याचे कळले, आणि 2007च्या सुमारास त्याने नमुने रोखले.

यामुळे सगळ्या जगाला धोका निर्माण होतो, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. त्यात तथ्य होते, कारण ताजे नमुने नसतील तर लशीसाठी योग्य विषाणू निवडणेच अवघड होते. तरीही ज्या देशात माणसे दगावत होती त्यालाच लस परवडू नये, ही इंडोनेशियाची तक्रार मला रास्त वाटते. नुसत्या दटावणीने हा पेच सुटला नसता. तो वाटाघाटींनी सुटला. 2011मध्ये सदस्य देशांनी इन्फ्लुएंझाच्या महासाथीसाठी एक चौकट मंजूर केली. देशांनी नमुने द्यायचे, आणि या व्यवस्थेचा लाभ घेणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक वर्गणी भरायची व महासाथीत लशी-औषधांचा वाटा द्यायचा. मे 2025च्या महासाथ करारात हेच तत्त्व इतर रोगजंतूंनाही लागू करण्याचे ठरले. तपशील मात्र परिशिष्टावर सोडला गेला.