ग्रहणाचे गणित, ऑस्करचा अंदाज

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. 18 ऑगस्ट 1868 चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी ते बांधले, असे सांगतात. ग्रहणाची वेळ गणिताने आधीच ठरली होती.

ऑस्करमध्ये माणसे मत देतात. तरी अंदाज बरेचदा जुळतो. कारण हॉलिवूडमधील दिग्दर्शक-निर्मात्यांच्या संघटनांचे पुरस्कार आधी जाहीर होतात आणि त्यांचे अनेक सभासद ऑस्करचेही मतदार असतात. शितावरून भाताची परीक्षा! पण शीत त्याच भातातले हवे. ‘श्वास’ला सुवर्णकमळ दिले ते भारतीय परीक्षकांनी. 2004 मध्ये तो ऑस्करला गेला, मराठी माणसाने आशा धरली. नामांकनही मिळाले नाही.

त्यातल्या नातवाच्या आजाराबाबत, रेटिनोब्लास्टोमाबाबत, अंदाज अधिक भरवशाचा. हा डोळ्याचा कर्करोग लवकर सापडला तर बहुतेक मुले वाचतात, अनेकदा दृष्टीही. फ्लॅशच्या फोटोत बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे.