बाळ पेटीत, मग जंतू आले कुठून?

सातव्या महिन्यात बाळ जन्मलं की गावी निरोप जातो, "काचेच्या पेटीत ठेवलंय, आता काळजी नाही." आठवड्याने डॉक्टर सांगतात, "रक्तात इन्फेक्शन गेलंय." मग जो तो आपापला तर्क लढवतो. त्यातले चार तपासून पाहू.

गैरसमज : पेटीत जंतू शिरत नाहीत.
वस्तुस्थिती : पेटीचं मुख्य काम ऊब देणं. आईची प्रतिपिंडं बाळाला प्रामुख्याने शेवटच्या तीन महिन्यांत मिळतात. लवकर जन्मलेल्याचा तो वाटा बुडतो. कातडी इतकी कोवळी, की चिकटपट्टी काढतानाही सोलवटते. त्यात सलाइनची सुई, नाकातली नळी. क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टरसारखे जंतू बेसिनच्या ओलीत, उपकरणांवर तग धरतात आणि बरेचदा हातांवरून बाळापर्यंत पोहोचतात.

गैरसमज : इन्फेक्शन असेल तर ताप येईलच.
वस्तुस्थिती : अशा बाळाचं अंग उलट गार पडू शकतं. पोट फुगतं, बाळ मलूल होतं, श्वास मध्येच थांबतो. काल जिरणारं दूध आज पोटात तसंच उरलं, तर तीही धोक्याची खूण असू शकते.

गैरसमज : पहिल्या दिवसापासून भारी अँटिबायोटिक दिलं की धोका टळतो.
वस्तुस्थिती : संशय आला तर औषध लगेच सुरू करावंच लागतं, पण आधी रक्त कल्चरला पाठवून, आणि गरज नसल्यास वेळेवर थांबवून. विनाकारण डोस दिले की औषधांना न जुमानणारे जंतू माजतात. दिल्लीच्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान नवजात बाळांची पाहणी झाली. त्यांच्यात सापडलेल्या असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के जंतू अनेक औषधांना दाद देत नव्हते.

गैरसमज : आईला लांब ठेवलेलंच बरं.
वस्तुस्थिती : भारतासह पाच देशांतला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले; जंतुसंसर्गाचा संशयही कमी बाळांत आला. चिकात आणि आईच्या दुधात संरक्षक घटक असतात. आईचं दूध पुरत नसेल, तर दुग्धपेढीचं द्यावं. आशियातली पहिली दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

मात्र आईनेही आत जाताना अंगठी, घड्याळ आणि ओटभरणीच्या हिरव्या बांगड्या काढून ठेवायच्या, कारण त्यांच्याखालचा मळ साबणाने निघत नाही. "सवाष्णीने हात मोकळे ठेवू नयेत," म्हणत आजी अडून बसते. बांगड्या तिच्याच पदराला बांधून द्याव्यात आणि कोपरापर्यंत हात धुवावेत. हाच नियम नर्सला, डॉक्टरांना आणि एक्स-रे काढायला आलेल्या माणसालाही आहे. कुणी विसरलं, तर "हात धुतलेत ना?" असं विचारायला आईने संकोचू नये.