साठीनंतरची सायकल : आधी उतरून पाहा

‘डॉक्टर, या वयात सायकल घेऊ का?’ हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा पासष्टीच्या आसपासचे असतात. तरुणपणी कारखान्यात किंवा कचेरीत सायकलवरूनच गेलेले. गुडघे दुखतात म्हणून चालणे नकोसे झालेले असते आणि शरीराचा बराचसा भार सीटवर येत असल्याने सायकल गुडघ्यांना सोसते, हे त्यांनी कोठेतरी वाचलेले असते. ते खरेही आहे. मात्र ‘घेऊ का’ यापेक्षा ‘कोणती घेऊ’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दुकानात सायकल कशी धावते हे सांगितले जाते : गिअर किती, वजन किती कमी. साठीनंतर पाहायचे ते ती कशी थांबते आणि तिच्यावरून कसे उतरता येते. ज्येष्ठ माणसे भर वेगात पडतात त्याहून अधिक वेळा चढताना, उतरताना किंवा चौकात पाय टेकवताना पडतात. नेदरलँड्समध्ये सत्तरी ओलांडलेली माणसेही रोज सायकल वापरतात. तेथील अपघातांच्या अभ्यासातही चढण्या-उतरण्याचा हा धोका ठळकपणे दिसला आहे. याच देशातील डॉक्टरांनी २०१० साली एका विलक्षण रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. पार्किन्सनच्या आजारामुळे ५८ वर्षांच्या त्या गृहस्थांना चार पावले टाकणे कठीण झाले होते. पण सायकलवर बसवताच ते सफाईने ती चालवू लागले. खाली उतरल्यावर मात्र पाय पुन्हा जागीच खिळले. (पार्किन्सनच्या रुग्णांनी यावरून रस्त्यावर सायकल काढावी, असा अर्थ कृपया घेऊ नये.)

सायकलवर चढणे म्हणजे क्षणभर एका पायावर उभे राहणे. म्हणून खरेदीपूर्वी भिंतीजवळ, कोणाच्या तरी सोबतीने, एका पायावर दहा सेकंद उभे राहून पाहा. जमत नसेल तर आधी तोल सुधारण्याचे व्यायाम शिका. तोवर घरात एका जागी उभी असणारी व्यायामाची सायकल पुरेशी आहे.

फ्रेम निवडताना आडवी दांडी नसलेलीच घ्यावी. आपल्याकडे तिला ‘लेडीज सायकल’ म्हणतात, आणि त्या नावापायी अनेक पुरुष ती नाकारतात. हा संकोच सोडावा. दांडीच्या सायकलवर पाय मागून, कॅरिअरवरून फिरवावा लागतो. खुब्याचा सांधा आखडलेल्या माणसाचा तोल नेमका तेथे जातो. फ्रेम मध्ये इतकी खाली वळलेली असावी की पाय नडगीपेक्षा फारसा वर न उचलता पलीकडे नेता येईल. साडी नेसणाऱ्या भगिनींनी चेन पूर्ण झाकणारे कव्हर आणि मागच्या चाकावरील जाळीही पाहून घ्यावी.

सीटच्या उंचीबाबत मात्र शास्त्र आणि सुरक्षितता यांचा थोडा झगडा आहे. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा, असा सर्वसाधारण नियम. सीट फार खाली असेल तर गुडघा प्रत्येक फेरीत अधिक दुमडतो, वाटीवरील दाब वाढतो आणि ज्या दुखण्यासाठी सायकल घेतली तेच बळावते. उलट, नियमाप्रमाणे सीट उंच केली की बसल्याबसल्या पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि नवख्याला घाबरवण्यास तेवढे पुरते. माझा सल्ला असा : पहिले काही आठवडे दोन्ही पावले टेकतील इतकी सीट खाली ठेवा, अंतर थोडे ठेवा आणि चढ टाळा. थांबताना सीटवरून पुढे सरकून पाय टेकवण्याची सवय झाली, की सीट बोट-बोट वर घ्या. हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेले हवे. वाकून बसावे लागले तर मान, कंबर आणि मनगटे कुरकुरतात. सीट रुंद घ्यावी. जांघेत किंवा बोटांत बधिरपणा येऊ लागला तर तो सहन करू नका. सीट आणि हँडल पुन्हा बसवून घ्या.

ब्रेक बोटांनी तपासा. संधिवाताने बोटे आखडली असतील तर ब्रेकची मूठ दुकानदाराकडून हँडलच्या जवळ आणून घेता येते. आपल्याकडील बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. एकटा तोच करकचून दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ शकतो. दोन्ही एकत्र, हलकेच दाबण्याचा सराव करावा. टायर पावणेदोन इंच किंवा त्याहून रुंद असावे. बारीक टायर रस्त्यावरील गटाराच्या जाळीत अडकते.

तीनचाकी सायकल थांबल्यावर पडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण दुचाकीची सवय असलेला माणूस वळणावर शरीर आत झुकवून वेगात वळतो, तर तीनचाकी अशा वेळी बाहेरच्या बाजूला कलते. तिच्यावर वळण अगदी सावकाश घ्यावे. विजेवर चालणाऱ्या सायकलीची मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. चढावर ती उपयोगी आहे. परंतु तिचे वजन उतरताना आपल्यालाच तोलायचे असते, हे ध्यानात घ्यावे.

आता औषधांविषयी. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांनी उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर असावी. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर चप्पल नको, मागे पट्टा असलेले पादत्राण हवे. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना डोक्याला बसलेला साधा मारही गंभीर ठरू शकतो. हेल्मेट सर्वांनीच घालावे, पण अशांनी त्याविना सायकलला हातही लावू नये, आणि डोके आपटलेच तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ किंवा फिट येणे, असे काही असल्यास आधी तपासणी, मग खरेदी. सायकलने हृदय आणि मांड्यांचे स्नायू सुधारतात, हाडांना मात्र फारसा लाभ होत नाही. गुडघे देतील तेवढे चालणे सोडू नये.

मुला-मुलींना एक विनंती. वाढदिवसाची भेट म्हणून घरबसल्या सायकल मागवू नका. वडिलांना, आईला दुकानात न्या, पाच वेळा चढायला आणि पाच वेळा उतरायला लावा. ‘पडाल, राहू द्या’ एवढेच म्हणून विषय मिटवणेही बरे नव्हे. घरात बसून राहिलेल्या माणसाचे पाय दुबळे होतात, आणि असा माणूस न्हाणीघरातही पडतो. पहिला आठवडा सोसायटीच्या आवारात किंवा मोकळ्या मैदानात सोबत चाला. सुरुवातीला पायडल मारण्याचा आग्रह धरू नका. सीटवर बसून पायांनी जमीन ढकलत दहा पावले पुढे जाणे, ब्रेक दाबणे, पाय टेकवणे, उतरणे : एवढेच, रोज पंधरा मिनिटे.