दोघांनी उभे राहून खेळायची मशीन

पुरुषभर उंचीचा प्लायचा खोका, त्यावर सनमायका, छातीच्या वर थोडा मागे कलता बसवलेला रंगीत टीव्ही, त्याखाली दोन स्टिक, प्रत्येकीच्या उजवीकडे बटणे आणि खाली कुलूपबंद दारात नाणे टाकायची फट. १९९० च्या दशकात मुंबई-ठाण्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ओळीने उभी असायची ती ही मशीन. महाड-पोलादपूरकडची घरे आणि मुंबई यांचे नाते चाकरमान्यांचे. त्यामुळे इकडच्या अनेक मुलांची या मशीनशी ओळख झाली ती दिवाळीच्या सुट्टीत लालबाग-परळला किंवा ठाण्याला काकाकडे गेल्यावर.

तिथे दोन गेमांपुढे गर्दी जास्त. एक ‘मुस्तफा’. त्याचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये काढलेला. मुस्तफा कैरो हे त्यातल्या चार पात्रांपैकी एक. तो सगळ्यांत चपळ, म्हणून पोरांचा लाडका, आणि म्हणून गेमलाच त्याचे नाव पडले. दुसरा एसएनके कंपनीचा १९९७ चा ‘किंग ऑफ फायटर्स’, ज्याला सगळे ‘नाइन्टी सेव्हन’ म्हणत. मूळ बोर्ड महाग, म्हणून आपल्याकडे पुष्कळदा नकली बोर्ड चाले. खोका मात्र इथल्याच सुताराने इथल्याच प्लायमधून बांधलेला असे आणि त्यात घरगुती टीव्हीचीच पिक्चर ट्यूब बसवलेली असे.

हे दोन्ही गेम चालवण्याची ताकद आज साध्या फोनमध्येही आहे. मग एवढे अवजड धूड घरात कशाला आणायचे, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे की, फोनवरचा गेम एकट्याने मान खाली घालून खेळला जातो. ही मशीन दोघांनी खांद्याला खांदा लावून खेळावे आणि मागे उभ्या असलेल्या चौघांनी ओरडून सल्ले द्यावेत, यासाठी बांधलेली आहे. तिची उंची, रुंदी, पडद्याचा कल, सगळे त्या हिशेबाने ठरले आहे. जपण्यासारखे आहे ते हेच. आणि ते जपायला लागणारे सगळे हात महाड परिसरात आहेत: सुतार, टीव्ही मेकॅनिक आणि औद्योगिक वसाहतीत पॅनेलचे वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन.

मागचे दार उघडल्यावर

जुनी मशीन हाती आली की आधी प्लग लावू नये. मागची फळी काढून नुसते बघावे. तळाला वीजपुरवठ्याचा एसएमपीएस, मध्ये बाजूच्या फळीवर गेमचा बोर्ड, वर पिक्चर ट्यूब आणि तिचे किट, आणि या सगळ्यांना जोडणारा तारांचा जुडगा दिसतो. जुडग्याच्या टोकाला लांबट कनेक्टर असेल, तर ती मशीन बहुधा ‘जामा’ जोडणीची आहे.

जपानी उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये ठरवलेले हे प्रमाण. बोर्डाच्या कडेला ५६ संपर्क, प्रत्येक बाजूला २८. वीज, चित्राचे लाल-हिरवा-निळा हे तीन रंग, स्पीकर, नाण्याचा स्विच, दोन्ही खेळाडूंच्या स्टिक आणि बटणे, सगळे याच एका पट्टीतून जाते. पार्लरवाला एक बोर्ड ओढून काढी, दुसरा खोची आणि त्याच खोक्यात नवा गेम सुरू होई. मूळ प्रमाणात दर खेळाडूला तीनच बटणे धरलेली होती. म्हणून १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ला सहा बटणे लागली तेव्हा लाथांच्या तीन बटणांच्या तारा वेगळ्या ओढाव्या लागल्या. बटणे मोजली की खोका कोणत्या गेमसाठी बांधला होता याचा अंदाज येतो, तो यामुळे.

आत मूळ बोर्ड सापडला आणि तो चालू असला, तर तो कापू नये, विकू नये. मऊ ब्रशने धूळ झाडून कोरड्या डब्यात ठेवावा. या बोर्डांना वयाचे आजार असतात. कॅपकॉमच्या सीपीएस-२ बोर्डांत गेमची कुलूपकिल्ली बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत ठेवलेली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाई आणि चांगला बोर्ड मुका होई. २००७ मध्ये ही सांकेतिक पद्धत उलगडली गेली आणि पुढे २०१६ मध्ये मेलेल्या बोर्डांत किल्ली पुन्हा भरण्याचा मार्गही हौशी अभ्यासकांनी शोधला. त्यामुळे आज मेलेला म्हणून टाकलेला बोर्डही उद्या चालू होऊ शकतो.

नवा मेंदू

घरगुती वापरासाठी बोर्डाच्या जागी संगणक बसवायचा आणि त्यावर एम्युलेटर चालवायचा, हा स्वस्त मार्ग. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचे प्रोसेसर, ध्वनीची चिप, चित्र काढणारी यंत्रणा यांची हुबेहूब वागणूक सॉफ्टवेअरमध्ये उभी करणारा प्रोग्रॅम. यातला सगळ्यांत नावाजलेला ‘मेम’. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये तो पहिल्यांदा दिला आणि २०१६ पासून तो खुल्या परवान्याखाली आहे. त्याच्या कर्त्यांचा मुख्य हेतू जुन्या यंत्रांची नोंद ठेवण्याचा आहे. गेम खेळता येतो तो या नोंदीचा लाभ.

हुबेहूब म्हणजे किती, हे तैतो कंपनीच्या १९७८ च्या ‘स्पेस इनव्हेडर्स’वरून कळते. त्यात शत्रू कमी होत जातात तसतसे उरलेले वेगाने सरकू लागतात. याचे कारण त्या काळचा प्रोसेसर मंद होता. पडद्यावर चित्रे कमी उरली की त्याचे काम हलके होई आणि हालचाल भरभर होई. आजचा संगणक हजारो पट वेगवान. त्याने नुसत्या स्वतःच्या वेगाने तो गेम चालवला तर खेळ खेळण्याजोगा राहणारच नाही. म्हणून एम्युलेटर जुन्या यंत्राचा मंदपणाही इमानाने वठवतो.

मेंदू म्हणून दोन पर्याय. पहिला, जुना डेस्कटॉप. कंपन्यांच्या ऑफिसांतून दर काही वर्षांनी संगणक बदलले जातात, आणि तसा एखादा दोन-कोअर प्रोसेसरचा संगणक काही हजारांत मिळतो. नव्वदच्या दशकातल्या गेमांना तो पुरून उरतो, कारण मूळ ‘मुस्तफा’च्या बोर्डाचा मुख्य प्रोसेसर १२ मेगाहर्ट्झचा होता. दुसरा पर्याय रास्पबेरी पाय, मुलांना संगणक शिकता यावा म्हणून ब्रिटनमध्ये निघालेला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आलेला तळहाताएवढा संगणक. त्याला ५ व्होल्ट पुरतात, पंखा क्वचित लागतो. रेट्रोपाय किंवा बाटोसेरासारखी तयार प्रणाली मेमरी कार्डावर उतरवली की काम सुरू होते. खर्च कमी ठेवायचा असेल तर घरात पडून असलेल्या संगणकापासून सुरुवात करावी.

पडदा: इथे घाई नको

पिक्चर ट्यूब चालू असेल तर तीच ठेवावी असे माझे ठाम मत आहे. त्या काळचे गेम साधारण २२४ ओळींचे आणि सेकंदाला सुमारे १५ हजार ७०० ओळी काढणाऱ्या ट्यूबसाठी रेखाटलेले. ट्यूबवर त्या ओळींच्या मधल्या काळ्या फटींमुळे चित्र घट्ट आणि भरीव दिसते. सपाट पडद्यावर तेच चित्र ताणले जाते आणि चौकोनांचे ढीग दिसू लागतात.

एव्ही इनपुट असलेला जुना रंगीत टीव्ही खोक्यात असेल तर काम आणखी सोपे. रास्पबेरी पाय ३ आणि ४ यांच्या ऑडिओच्या भोकातूनच टीव्हीचे चित्रही बाहेर पडते. योग्य केबल आणि एखादी सेटिंग, एवढ्यावर जोडणी होते. मात्र केबलच्या पिनवरच्या कड्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो, तो तपासून घ्यावा.

मात्र ट्यूबच्या मागे हात घालायचे काम हौशी माणसाचे नाही. रंगीत ट्यूबला २० हजार व्होल्टच्या पुढे दाब लागतो आणि प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. ट्यूब डिस्चार्ज करणे, एलओटीच्या (हा उच्च दाब तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पायांचे सुटलेले सोल्डर पुन्हा धरणे, फुगलेले कपॅसिटर बदलणे ही जुन्या टीव्ही मेकॅनिकची कामे. तालुक्याच्या गावात असा एखादा मेकॅनिक अजून असतो. एलईडी टीव्हीच्या काळात त्याच्याकडे अशी कामे कमी येतात आणि ज्ञान मात्र त्याच्या बोटांत शाबूत असते. त्याला मान देऊन बोलवावे, काम करताना शेजारी बसून पाहावे आणि मागेल ती मजुरी द्यावी.

ट्यूब गेलेली असेल तर तिच्या जागी जुना चौकोनी, चारास तीन प्रमाणाचा मॉनिटर बसवावा. रुंद पडदा बसवायला खोका कापू नये. काढलेली ट्यूब भंगारात फोडू देऊ नये, तिच्या काचेत शिसे असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवी.

प्लाय, पाऊस आणि पूर

पुण्या-मुंबईतली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने जो पाऊस पडतो त्यात प्लायचे थर सुटतात, सनमायकाच्या कडा उचलल्या जातात, लोखंडी स्क्रू गंजून लाकडातच तुटतात. आणि वाळवी नेहमी तळापासून चढते. म्हणून सुताराने खालची वीतभर पट्टी कापून मरीन प्लायची नवी बसवावी, कापलेल्या कडांना प्रायमर मारावा, स्क्रू स्टेनलेसचे वापरावेत. जुनी सनमायका शाबूत असेल तर ती काढू नये. तिच्यावरचे ओरखडे ही त्या मशीनची कमाई आहे.

महाडकरांना पुराबद्दल वेगळे सांगायला नको. २००५ आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी घराघरांत शिरले आणि टीव्ही, फ्रिज, मिक्सर सगळे चिखलात गेले. माणसे गेली, त्यापुढे वस्तूंचे दुःख लहान. तरी इथे उभी राहणारी मशीन इथल्या अनुभवातून शहाणी व्हायला हवी. मूळ रचनेत एसएमपीएस तळाला असतो, तो उचलून कंबरेच्या वर न्यावा. संगणक आणि तारांचे जोड टीव्हीच्या फळीलगत ठेवावेत. तळाला ब्रेकची चाके लावावीत, म्हणजे वेळ आली तर दोघांना मशीन हलवता येते. पावसाळ्यात मशीन महिनोन्‌महिने बंद ठेवू नये. आठवड्यातून एकदा तासभर चालवली की आतल्या उष्णतेने दमटपणा हटतो.

तारा, बटणे आणि वीज

स्टिकच्या बुडाशी चार मायक्रोस्विच असतात, बटणाखाली एक. खटक्याचा आवाज येतो पण पात्र हलत नाही, म्हणजे स्विचचा संपर्क काळा पडला. नवा स्विच स्वस्त असतो. नवी बटणे घेताना जुन्या भोकाचा व्यास मोजून घ्यावा. गेमच्या बटणांना २८ ते ३० मिलिमीटरचे भोक लागते, कारखान्याच्या पॅनेलवरच्या पुश बटणांना सुमारे २२. कारखान्याचे बटण मजबूत असले तरी त्याची स्प्रिंग कडक. सेकंदाला चार-पाच ठोसे मारणाऱ्या बोटांसाठी ते नाही.

कारखान्याची खरी मदत वायरिंगला होते. रासायनिक कारखान्यात पॅनेल बांधणारा माणूस प्रत्येक तारेला क्रमांकाचे फेरूल घालतो, टोकाला लग दाबतो, जुडगा बांधून एका बाजूने नेतो. तीच शिस्त इथे लावावी. सगळ्या स्विचांची एक सामाईक तार आणि प्रत्येकाची एक स्वतंत्र तार, या यूएसबी एन्कोडरच्या छोट्या पट्टीला जोडायच्या. ती काही शे रुपयांत मिळते आणि संगणकाला वाटते की गेमपॅडच जोडला आहे. जुना तारांचा जुडगा कापण्याऐवजी गुंडाळून आत ठेवावा, पुढे मूळ बोर्ड लावायचा झाल्यास तो लागेल.

अर्थिंग तपासल्याशिवाय मशीन मुलांच्या हाती देऊ नये. नाण्याच्या दाराचे लोखंडही अर्थला जोडावे. वीज अचानक गेली किंवा थेट प्लग काढला तर मेमरी कार्ड बिघडू शकते, म्हणून प्रणाली बंद करण्याचे वेगळे बटण ठेवावे आणि कार्डाची एक प्रत कपाटात ठेवावी.

गेम कुणाचे

एम्युलेटर वापरणे कायदेशीर आहे, पण गेमवर त्याच्या मालकांचा हक्क अजून चालू आहे. शेकडो गेम भरून विकली जाणारी कार्डे हा सोपा रस्ता दिसतो, पण तो बरोबर नाही. मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर काही जुने गेम हक्कदारांच्या संमतीने, बिनव्यापारी वापरासाठी मोफत दिलेले आहेत. ‘नाइन्टी सेव्हन’सह एसएनकेचे अनेक गेम आणि कॅपकॉमचे संच संगणकासाठी अधिकृतपणे विकत मिळतात. ‘मुस्तफा’ मात्र अमेरिकी चित्रकार मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवर परवाना घेऊन बनलेला, आणि तो घरगुती यंत्रांसाठी कधी आलाच नाही. त्याचा मूळ बोर्ड जपणे म्हणूनच महत्त्वाचे. पैसे घेऊन मशीन चालवण्याचा विचार असेल तर परवाना लागतो. पार्लरवर असे नियंत्रण ठेवता येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. घरच्या मशीनला नाण्याची फट शोभेपुरती असावी.

असा खोका कुठल्या बंद दुकानात, गोदामात किंवा लॉजच्या जिन्याखाली ताडपत्रीखाली उभा असेल, तर मालकाला माझी विनंती आहे. तो वजनावर विकण्याआधी मागची फळी उघडून बघा, बोर्ड वेगळा काढून ठेवा आणि एका सुताराला, एका टीव्ही मेकॅनिकला आणि एका वायरमनला एकाच संध्याकाळी घरी बोलवा. तिघांनी मिळून पाहिले तर तो दुरुस्त होणार की नाही हे तासाभरात कळेल. दुरुस्त झाला तर स्टिक दोन आहेत हे विसरू नका. शेजारच्या मुलालाही हाक मारा.