येळवशीची भज्जी

मार्गशीर्ष अमावस्येला सकाळी दहानंतर लातूर शहरात चहा मिळणं मुश्कील. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात, त्या गंजगोलाईत एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी तिथे कुत्री निवांत ऊन खात पडलेली असतात. दुकानांना कुलपं, शाळांना सुट्टी, कचेऱ्या ओस. कोणी बंद पुकारलेला नसतो. सगळं गाव शेतात गेलेलं असतं. ही आमची वेळ अमावस्या. बोलीत येळवस.

दिवाळी अंकात पुरणपोळी, उकडीचे मोदक, अनारसे यांच्यावर पुष्कळ लिहून येतं. येळवशीच्या भज्जीवर मी तरी फारसं काही वाचलेलं नाही. लातूर, धाराशिव, सोलापूरचा पूर्वेकडचा पट्टा आणि पलीकडे कर्नाटकातले बिदर, कलबुर्गी या टापूत ती मुख्यतः रांधली जाते, आणि तीही वर्षातून एकदा. गेली तीस वर्षं मी या दिवसाच्या मागे आहे. नोकरीमुळे पुण्यात राहिलो, पण येळवशीला गावी गेलो नाही अशी वर्षं फार तर चार-पाच. त्यातली बरीचशी आता आठवतही नाहीत. गावी घालवलेली मात्र एकेक आठवतात.

शेतात घरची माणसं मिळून जेवण्याची चाल महाराष्ट्रात बाकी ठिकाणीही आहे. कार्तिकात आवळीभोजन असतं. सोलापूर-नगरकडे थंडीत हुरडा असतो: गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली गुळभेंडीची कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे आणि सोबत लसणाची चटणी. रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून त्यात वालाच्या शेंगा भरतात, मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. हे सगळं मी खाल्लंय आणि आवडीनं खाल्लंय. पण तिथे एकेका पदार्थाची मैफल असते. येळवशीला अख्खं शेत पानात येतं, आणि त्याचं कारण भज्जी.

आधी नावाचं सांगतो. कन्नडमध्ये ‘एळु’ म्हणजे सात, आणि ज्येष्ठापासून मोजत आलं तर मार्गशीर्षातली अमावस्या सातवी येते. कन्नडमध्येच ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ, आणि सीमेपलीकडे या दिवसाला एळ्ळु अमावास्येच म्हणतात. त्या ‘एळ’चं आमच्याकडे येळ झालं आणि शिकलेल्यांनी पुढे त्याची वेळ केली, असं मला वाटतं. १९५६ साली भाषावार प्रांत झाले, तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बिदर म्हैसूर राज्यात गेलं. त्याआधी हा सगळा निजामाच्या हैदराबादचा मुलूख. कागदावर रेघ पडली, पण चुली त्याच राहिल्या. आम्ही बाजरीला सज्जा म्हणतो, तो कन्नडचा ‘सज्जे’. एका वर्षी उदगीरहून सीमेपलीकडे भालकीकडच्या एका खेड्यात मुद्दाम येळवस करायला गेलो होतो. तिथल्या आजीनं पानात वाढलं आणि म्हणाली, “भज्जी पल्या.” चव आमच्या घरची. आमच्याकडे जे बाजरीचे उंडे, ते त्यांच्याकडे सज्जे कडबू. आजी मला कन्नडमध्ये आग्रह करत होती, मी मराठीत पुरे म्हणत होतो, आणि वाढणं थांबत नव्हतं.

आता भज्जी. नावावरून कांदाभजी डोळ्यांपुढे आणू नका. ही पातळसर, आंबट, दाटून आलेली मिसळीची भाजी. आदल्या दिवशी दुपारपासून घरात शेंगा सोलायला बसतात. तुरीचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वाल, भुईमुगाचे ओले दाणे. दुसरीकडे पालेभाज्या निवडणं चालू असतं: मेथी, चुका, कांद्याची पात, हरभऱ्याचे कोवळे शेंडे. शिवाय गाजर, वांगी आणि मूठभर बोरं. माझी आई हे सगळं एका मोठ्या परातीत वेगवेगळ्या ढिगांनी मांडायची आणि कंदिलाच्या उजेडात एकदा सगळ्यावरून नजर फिरवायची. काही राहिलं असेल तर मला शेजारी पिटाळायची. वाल राहिला तर चालायचं नाही. “वालाबिगर भज्जी म्हंजे नवरदेवाबिगर वरात,” असं आज्जी म्हणायची.

पहाटे तीनला चूल पेटायची. आधी दाणे शिजायला घालायचे, कारण तूर आणि वाल वेळ घेतात. ते बोटाखाली दबायला लागले की गाजर-वांगी, मग पालेभाज्या. चुका पडला की रंग बदलतो, हिरव्यावर जरा काळसर झाक येते. मग चिंचेचा कोळ. हिरव्या मिरच्या आणि लसूण पाट्यावर ओबडधोबड ठेचून तेलात परतायचा आणि वर ओतायचा. सगळ्यात शेवटी ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ, एका हातानं धार धरायची आणि दुसऱ्या हातानं हाटत राहायचं. इथे हात थांबला की गाठी झाल्या. पीठ शिजत आलं की भज्जी फटफट आवाज करते आणि शिंतोडे उडतात. आईच्या उजव्या मनगटावर त्याचे बारीक डाग होते. पळीच्या पाठीवर बोटानं रेघ ओढायची. रेघ मोडली नाही तर झाली. गरम मसाला नाही, खोबरं नाही, टोमॅटो तर नाहीच. हल्ली काही घरांत टोमॅटो घालतात. मला ते पटत नाही. चुका, चिंच, ताक आणि बोर असे चार आंबट त्यात आहेत आणि चौघांची आंबटाई वेगळी लागते; टोमॅटो आला की ती एकसारखी होऊन जाते.

भज्जी गरम खायची नसते. पहाटे केलेली दुपारी एकला शेतात खायची, तोवर ती मुरते. कोणी विचारतं की मग भोगीच्या भाजीत आणि हिच्यात फरक काय? भोगीची भाजी संक्रांतीच्या आदल्या दिवशीची. तीही मिसळीची, पण तिला तीळ लागतात आणि ती भाकरीबरोबर गरम बरी. भाद्रपदातली ऋषीची भाजी आणखी वेगळी, ती बैलाच्या कष्टाचं काही न घालता करायची. म्हणजे आपल्याकडे वर्षात तीन मिसळीच्या भाज्या आहेत, एक पावसाळ्यातली आणि दोन थंडीतल्या. कोणीतरी या तिघींवर नीट पुस्तक लिहायला हवं.

भज्जीबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, धपाटे, ज्वारीचा आंबट भात, गव्हाची खीर. आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवून शिजवायचं, गार झाल्यावर पुन्हा ताक घालून सैल करायचं, त्यात ठेचलेला लसूण, आलं, मीठ, कोथिंबीर. ती मातीच्या बिंदग्यात भरायची, बिंदग्याला बाहेरून चुना आणि काव लावायची. घोंगडी पांघरून घरचा कर्ता ते बिंदगं डोक्यावर घेऊन शेताकडे निघायचा. माझे वडील वाटेत कोणाशी बोलायचे नाहीत. आम्ही पोरं मागून चालायचो, बिंदग्यातून हिंदकळून त्यांच्या मानेवर आलेला आंबिलीचा ओघळ बघत.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली असते. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव, सोबत लक्ष्मी. पूजा होते, निवद दाखवतात, मग भज्जी-आंबील पिकावर शिंपत शेताला फेरी मारायची. पोरं मोठ्यानं आरोळी ठोकत पुढे पळतात. त्या आरोळीतले शब्द कन्नड वळणाचे आहेत आणि ते आमच्याकडे पाठ सगळ्यांना आहेत, अर्थ कोणालाच लागत नाही. कर्नाटकात याला चरगा म्हणतात. जी जमीन खाऊ घालते तिला आधी घास, मग आपण. संध्याकाळी मातीच्या लहानग्या बोळक्यात दूध उतू घालतात. ते कुठल्या बाजूला सांडतं यावरून पुढच्या सालाचा अंदाज बांधतात. अंधार पडता पडता गवताची पेटती पेंढी घेऊन पोरं बांधाबांधानं पळतात. मांजरा नदीकाठच्या शेतांतून अशा शंभर ज्योती मी एकाच वेळी हलताना पाहिल्यात.

पण मला या दिवसाचं सगळ्यात जास्त अप्रूप आहे ते बांधाचं. ज्याला शेत नाही तो त्या दिवशी कोणाच्याही शेतात जेवतो. शिक्षक, टेलर, बँकेतला बदलून आलेला साहेब, एसटीचा ड्रायव्हर. जातधर्माचा प्रश्न येत नाही. आमच्या कोपीसमोर दरवर्षी बसणाऱ्या पहिल्या पंगतीत वडिलांचे मुसलमान मित्र असायचे, बोरं तेच आणायचे. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक पडते, “आवो, जेवल्याबिगर कुठं चाललालाव?” पाच शेतं ओलांडली की पाच घास खावेच लागतात. हल्ली शहराजवळ माणशी पैसे घेऊन शेतात जेवण घालतात. त्यात वाईट काही नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण येळवस ती नव्हे. तिकीट काढून आलेल्याला बांधावरून कोणी हाक मारत नाही.

एका वर्षी गावी जाता आलं नाही. पुण्यात राहत्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही मराठवाड्याकडची सात-आठ कुटुंबं जमलो. वाटाणा गोठवलेला मिळाला, तूर भिजवून घेतली, वाल कडवे आणले, चुका मिळालाच नाही. बायकोनं जीव तोडून केलं. सगळ्यांनी पोटभर खाल्लंही. पण भिजवलेल्या कडधान्याला तो ओला, गवताळ वास येत नाही. त्या रात्री मला पहिल्यांदा नीट कळलं की भज्जी ही काही पाककृती नाही. त्या दिवशी आपल्या काळ्या रानात जे जे उभं आहे, त्याची ती मोजदाद आहे. माझ्या आज्जीच्या काळी तिफणीमागे ज्वारीत तुरीची, करडईची तासं असायची, बांधाला जवस, विहिरीजवळ वाल, मेथी, गाजर. भज्जीसाठी काहीही विकत आणावं लागत नसे, मीठ सोडून.

आज आमच्या भागात ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मागून हरभरा पडतो, पाणी असेल तिथे ऊस. तूर सोयाबीनमध्ये अजून आहे. रब्बी ज्वारी मात्र झपाट्यानं हटली, आणि ती का हटली हे मी गावातल्या माणसांकडून टप्प्याटप्प्यानं ऐकलंय. ट्रॅक्टर आला, बैल गेले. बैल गेले तसा कडबा नकोसा झाला. कडब्याला मोल नाही, पाखरं राखायला माणूस नाही, ज्वारी हातानं उपटून काढायला मजूर मिळत नाहीत. मग पेरायची कशाला? गेल्या खेपेला आमच्या शिवारात निम्म्या कोपी उसाच्या वाढ्यांच्या होत्या, दोन तर ताडपत्रीच्या. चुलतभावानं कडब्याच्या चार पेंढ्या बारा किलोमीटरवरून मोटारसायकलवर बांधून आणल्या. भज्जीचा वाल तालुक्याच्या बाजारातला होता. चव चांगलीच होती, चुलत वहिनीचा हात आईसारखाच आहे. पण परातीत ढीग मांडताना तिनं मला एकेका ढिगाकडे बोट दाखवून सांगितलं, “भाऊजी, हे आपलं, हे इकतचं, हे इकतचं, हे बी इकतचं.” परातीतल्या सात ढिगांतले दोनच आमच्या रानातले होते: तूर आणि हरभरा.

शेतकऱ्यानं तोट्यात ज्वारी पेरावी असं पुण्यात बसून सांगणं बरोबर नाही आणि मी ते सांगणार नाही. मागायचंय ते फार थोडं. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर ज्वारीची पेरणी उरकलेली असेल. पण लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येपासून वेळ अमावस्या बरोबर दोन महिन्यांवर असते. तेवढ्यात मेथी येते, चुका येतो, कांद्याची पात येते, दिवाळीआधी टाकला तर वाटाणा शेंगेला येतो, गाजरं बोटभर होतात. विहिरीजवळ, पाइपलाइनच्या वाफशावर, हरभऱ्याच्या कडेला चार तासं पुरतात. वालाचे वेल एकदा कुंपणाला लावले की दरसाल बी घरचं निघतं. तुमचं शेत लातूर-धाराशिवकडे असेल, तर या पाडव्याला ही चार तासं टाका. आणि ज्यांचं शेत नाही त्यांनी मार्गशीर्ष अमावस्येला दुपारी बाराच्या सुमाराला आमच्याकडच्या कुठल्याही गावच्या रस्त्यानं पायी निघावं. हाक येईल.