कपाशीच्या कीड-नोंदींची चाळणी : ‘आणि’ व ‘किंवा’ यांतील भेद

वऱ्हाडातील कपाशी पाते-फुलांवर आली म्हणजे कामगंध सापळ्यांतील पतंगांच्या व किडक्या बोंडांच्या नोंदी गावोगावहून संगणकावरील तक्त्यात जमू लागतात. थोड्याच दिवसांत तक्ता शेकडो ओळींचा होतो. राजापेठेत बसून तो पाहणाऱ्यास दर्यापूरकडील शेतातले बोंड दिसत नाही. दिसतात ते आकडेच. ज्या शेतास आज सल्ला पाहिजे तेवढ्याच ओळी पुढे आणण्याकरिता एक्सेलसारख्या तक्त्यात ‘फिल्टर’ ही सोय असते. फिल्टर म्हणजे चाळणी, आणि आपण घातलेली अट हे तिचे भोक होय. बाकीच्या ओळी त्यामुळे केवळ झाकल्या जातात, पुसल्या जात नाहीत. तेव्हा ती वापरण्यास भिण्याचे कारण नाही.

गुलाबी बोंडअळीकरिता आर्थिक नुकसानीची पातळी अशी मानितात : दर सापळ्यात दर रात्री ८ पतंग सतत तीन रात्री सापडणे, किंवा फुलांत अगर हिरव्या बोंडांत १० टक्के प्रादुर्भाव आढळणे. वीस बोंडे फोडून दोहोंत अळी निघाली की दहा टक्के झाले. या वाक्यातील ‘किंवा’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे.

समजा, भातकुलीकडील एका शेतात पतंग ९, ११ व ८ आले, परंतु किडकी बोंडे ५ टक्केच आहेत. मोर्शीकडील दुसऱ्या शेतात पतंग ३, मात्र किडकी बोंडे १५ टक्के आहेत. दोन्ही शेतांस सल्ला हवा. आता पतंगांच्या रकान्यास ‘८ किंवा अधिक’ आणि बोंडांच्या रकान्यास ‘१० किंवा अधिक’ अशी अट एकाच वेळी घातली, तर दोन्ही शेते नाहीशी होतात! कारण दोन रकान्यांवरील अटी यंत्र ‘आणि’ने जोडते. म्हणून प्रथम पतंगांची चाळणी लावून यादी उतरून घ्यावी. ती काढून बोंडांची लावावी. मग दोन्ही याद्या एकत्र कराव्यात. तीन रात्रींचे सातत्य मात्र चाळणीस कळत नाही. पतंगांच्या यादीतील शेताच्या सर्व ओळी तारखेच्या क्रमाने लावून ते डोळ्यांनीच पाहावे लागते.

सन २०१७ च्या हंगामात याच अळीने विदर्भातील कपाशीची दाणादाण उडविली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. यादीतून सुटलेले शेत जसे महाग पडते, तसेच विनाकारण यादीत आलेले शेतही.

‘८ पेक्षा अधिक’ अशी अट घातल्यास नेमके ८ पतंगांचे शेत गळते. तेथे ‘८ किंवा अधिक’ हीच अट पाहिजे. आकड्याच्या रकान्यात कोणी ‘आठ’ अथवा ‘९ नग’ असे लिहिले असेल तर यंत्र ते अक्षर समजते, आकड्यांच्या अटीत ते सापडत नाही. नावांच्या बाबतीत उलट घोटाळा होतो. तालुक्याच्या रकान्यास ‘चांदूर हा शब्द असलेले’ अशी अट घातली की चांदूर रेल्वे व चांदूर बाजार हे दोन्ही तालुके एकत्र येतात. अशा वेळी पूर्ण नाव देऊन ‘बरोबर’ ही अट वापरावी. अर्थात कोणी ‘चांदुर’ असे ऱ्हस्व लिहिले असल्यास ती ओळ सुटेल. याकरिता रकान्यातील नावांची यादी एकदा उघडून पाहणे बरे.

रिकाम्या घराविषयी विशेष सांगावयाचे आहे. सापळा पाहिला व पतंग नव्हता, तर ० लिहावे. पाहिलाच नाही तर घर रिकामे ठेवावे. रिकामे घर ‘८ किंवा अधिक’ या चाळणीत येत नाही आणि ‘८ पेक्षा कमी’ यातही येत नाही. ते शेत धोक्याच्या यादीत नसते व निर्धास्त यादीतही नसते. म्हणून शेवटी ‘रिक्त’ ही चाळणी लावून ज्या शेतांची नावे निघतील, तेथील सापळे दुसऱ्याच दिवशी सकाळी जाऊन पाहावेत.